गाडीची काच किती काळी, हे एकट्या मालकानं ठरवायचं नाही

"गाडी माझी, पैसे माझे, काच किती काळी करायची ते माझं मी बघतो," हे बेळगावात हल्ली सारखं ऐकायला मिळतं. शोरूममधनं गाडी बाहेर काढली, देवळापुढं नारळ फोडला की पुढचा मुक्काम अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात, सीट कव्हर झालं, मॅट झालं की दुकानदार विचारणारच, काच किती डार्क करायची? आणि हा प्रश्न तो फक्त मालकाला विचारतो. त्याच गाडीपुढनं रस्ता ओलांडणाऱ्या आजीला कोण विचारत नाही, मागनं स्कूटीवर येणाऱ्या कॉलेजच्या पोरीला कोण विचारत नाही. माझं म्हणणं असं की त्यांचाही त्यात वाटा आहे, आणि खरं तर मालकापेक्षा जास्त आहे, कारण धडक बसली तर पत्रा मालकाचा चेपतो आणि हाड त्यांचं मोडतं. म्हणून पुढची काच आणि पुढच्या दोन्ही दारांच्या काचा अशाच पाहिजेत की बाहेरच्या माणसाला आत बसलेल्याचं तोंड दिसलं पाहिजे. उन्हाचा त्रास खरा आहे, कोण नाही म्हणतंय, पण त्याला इलाज वेगळा आहे आणि तो काळा नाही.

आधी रस्त्याचं बघू. आपल्याकडची वाहतूक सिग्नलवर कमी आणि नजरेवर जास्त चालते. गोवावेसला किंवा टिळकवाडीत आरपीडी कॉर्नरला संध्याकाळी नुसतं पाच मिनिटं उभं राहून बघा. खानापूर रोडनं येणारा, आत वळणारा, कॉलेज सुटलेली पोरं, रिक्षा, भाजीची गाडी, सगळे एकाच वेळी पुढं सरकत असतात आणि तरी बहुतेक वेळा कोण कोणाला लागत नाही, कारण प्रत्येक जण समोरच्याचा चेहरा वाचत असतो. ड्रायव्हरनं मान जराशी हलवली म्हणजे तू जा, हात वर केला म्हणजे थांब मी येतोय, आपल्याकडं बघतच नाही आणि मोबाइलमध्ये बघायलाय म्हणजे आपण दोन पावलं मागंच थांबलेलं बरं. चालणाऱ्या माणसाला जीव वाचवायला एवढीच सोय आहे. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे निम्म्या ठिकाणी पुसलेत, फूटपाथवर गाड्या लागल्यात, मग नजरेशिवाय त्याच्याकडं उरतं काय.

अशात काळ्या काचेची गाडी येते. गणपत गल्लीतनं पिशव्या घेऊन आलेली एखादी म्हातारी बाई रस्त्याच्या कडेला थांबलेली असते, गाडी तिच्यापुढं येऊन हळू होते. आतला माणूस भला असेल, तिला हातानं खुणावतही असेल की जावा मावशी, पण तो हात तिला दिसतच नाही, तिला दिसतं ते काचेत पडलेलं समोरच्या दुकानाचं प्रतिबिंब आणि त्यात पिशव्या घेतलेली ती स्वतः. ती जागची हलत नाही. ड्रायव्हरला वाटतं हिला जायचं नाही, तो क्लच सोडतो, नेमकं त्याच वेळी तिनं पाऊल टाकलेलं असतं. मग हॉर्न, मग आरडाओरडा, आणि वर "दिसत नाही काय?" असं तिलाच विचारायचं! दिसत नव्हतंच तिला, काच तुम्ही काळी केलीय.

आणखी एक गोष्ट आहे जी गाडीत बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही पण बाइकवाल्याला रोज कळते. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतनं आणि तिच्या पुढच्या काचेतनं आरपार आपल्याला पलीकडचा रस्ता दिसत असतो, तिकडं कोणी ब्रेक मारला, म्हैस आडवी आली, खड्डा आला तर दोन सेकंद आधी कळतं. मधली गाडी काळी असली की ती एक भिंतच होते, तिचे ब्रेक लाइट लागेपर्यंत काहीच कळत नाही आणि लागल्यावर वेळ नसतो. ती काळी काच लावणाऱ्यानं आपल्यापुरता गारवा घेतला आणि मागच्या सगळ्यांचा रस्ता झाकला, असंच होतं ते.

आता रात्रीचं. आपल्या जिल्ह्यात ऊस सुरू झाला की चिकोडी, अथणी, रायबाग, निपाणी कुठल्याही रस्त्याला रात्री निघा, दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर लावला असला तर चिखलानं झाकलेला, आणि ऊस दोन्ही बाजूनं हातभर बाहेर आलेला. साध्या काचेतनंसुद्धा तो ट्रॅक्टर जवळ गेल्यावरच दिसतो. त्यात बाजूच्या काचा काळ्या असल्या तर फाट्यावर वळताना आरसा दिसत नाही, आरशातलं तर लांबच. पावसाळ्यात काचेवर बाहेरनं पाण्याचे थेंब, आतनं वाफ, आणि मधे काचेवर चिकटवलेली काळी फिल्म, चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात धुकं असलं तर विचारूच नका. डार्क फिल्मवाल्या किती जणांना मी रात्री ड्रायव्हरची काच खाली घेऊन, डोकं बाहेर काढून गाडी रिव्हर्स घेताना बघितलंय. काच खाली घेतल्याशिवाय ज्याला गाडी मागं घेता येत नाही त्याला स्वतःलाच कळलेलं असतं की काय झालंय. वय वाढतं तसं डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत उजेड कमी पोचतो, त्यामुळं पंचवीस वर्षाच्या पोरानं आवडीनं लावलेली फिल्म त्याच गाडीत बसणाऱ्या साठीच्या वडलांना कितीतरी जास्त काळी लागते, आणि घरात गाडी एकच असते, चालवणारे दोघं.

"पण ऊन लागतंय की हो," हे पहिलं उत्तर येतं. लागतंय. अथणीकडं एप्रिलमध्ये दुपारी गाडीत बसून बघा, स्टेअरिंगला हात लावता येत नाही. बेळगाव शहराला लोक गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, तरी झाडं गेली, रस्ते रुंद झाले आणि आता इथंही दुपारची गाडी तापतेच. पण जरा समजून घेऊया की तापवतं कोण. सूर्याच्या उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते, म्हणजे डोळ्याला न दिसणारी, आणि कातडी काळवंडवणारे, सीटचा रंग उडवणारे अल्ट्राव्हायोलेट किरणसुद्धा डोळ्याला दिसत नाहीत. म्हणजे जे आपल्याला नको आहे त्यातलं बरंच काही न दिसणारं आहे, आणि आपण अडवतोय काय, तर दिसणारा उजेड! स्वस्तातली रंगाची फिल्म हेच करते, ती उजेड पिते, काच तापते, आणि तीच तापलेली काच तुमच्या दंडाजवळ धगधगत राहते. दोनेक वर्षात तीच फिल्म जांभळी पडते, फुगे धरते, मागच्या काचेवर तर वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारांवर सुरकुत्या येतात. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता बरी परतवते पण ती मोबाइलच्या सिग्नलला आणि फास्टॅगलाही त्रास देऊ शकते. सिरॅमिक फिल्म मात्र जवळजवळ पारदर्शक राहून इन्फ्रारेड बऱ्यापैकी अडवते, महाग आहे हे खरं, पण गारवाच पाहिजे असला तर तो तिथं मिळतो. म्हणजे काळं आणि गार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला दोन्ही एकच वाटतात त्याला कुणीतरी तसं वाटायला लावलंय. आणि गाडी उन्हात उभी असताना समोर चंदेरी पडदा लावा, निघताना चारी काचा खाली घेऊन गरम हवा जाऊ द्या मग एसी लावा, याला फारसा पैसा लागत नाही, पोलिसही काही म्हणत नाहीत.

दुकानात जी फसगत होते ती जवळनं बघण्यासारखी आहे. कारागीर काचेवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारतो, रोल बाहेरच्या अंगानं पसरून ब्लेडनं कापतो, हीट गननं वाकवतो, मग आतनं चिकटवून रबरी पट्टीनं पाणी काढत जातो, हात इतका सफाईचा असतो की बघत राहावं. त्याआधी तो तुमच्यापुढं छोट्या छोट्या तुकड्यांचं कार्ड धरतो, सत्तर, पन्नास, पस्तीस, वीस, पाच. आकडा जितका लहान तितकी फिल्म काळी, कारण तो आकडा आरपार जाणाऱ्या उजेडाचा आहे. आता गिऱ्हाइकाला ऐकून माहीत असतं की बाजूच्या काचेला पन्नास चालतं, तो पन्नासच्या तुकड्यावर बोट ठेवतो, दुकानदार म्हणतो बरोबर, एकदम लीगल. इथंच चुकतं. कंपनीतनं येणारी काच काही शंभर टक्के उजेड सोडत नाही, त्यात आधीच हलकी हिरवी छटा असते. समजा ती ७५ टक्के सोडते, तिच्यावर ५० ची फिल्म बसली तर उरतात ३७.५ टक्के, म्हणजे झाली की बेकायदा. ७० ची लावली तर ५२.५, म्हणजे कशीबशी बसली. समोरच्या काचेला तर ७० टक्के उरायला पाहिजेत, तिथं मूळ काचेतच जागा इतकी थोडी असते की साधी कुठलीही छटा लावायला वावच नाही. हा गुणाकार दुकानात कोण करत नाही. करायला पाहिजे, आणि गिऱ्हाइकानं करून मागायला पाहिजे.

कायद्याचं लोक म्हणतात की रोज बदलतो, काही कळत नाही. तितकं अवघड नाही ते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १०० नंबरच्या नियमात आकडे पहिल्यापासून तेच आहेत, पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के, बाजूच्या किमान ५० टक्के. २०१२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सांगितलं की हे आकडे कंपनीत बनलेल्या काचेचे आहेत, वरनं चिकटवलेली काळी फिल्म किंवा दुसरं काहीही, टक्के कितीही असोत, चालणार नाही, आणि ४ मे २०१२ पासून ते लागू झालं. तेव्हा आपल्याकडंही चौकाचौकात पोलीस फिल्म फाडायचे, ते आठवत असेल. त्यानंतर नियमच बदलला, १ एप्रिल २०२१ पासून नुसत्या सेफ्टी ग्लासच्या जोडीला सेफ्टी ग्लेझिंग आलं, ज्यात आतल्या बाजूनं प्लास्टिकचा थर असलेली काचही बसते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टानं त्या आधारावर म्हटलं की ७० आणि ५० चे आकडे पाळले जात असतील तर अशी फिल्म चालेल, दंड करता येणार नाही. हा निकाल केरळचा आहे, बेळगावच्या पोलिसाला तो दाखवून सुटका होईलच असं नाही. पण दोन्हीकडं वाचलं तर एक गोष्ट कुठंच हलत नाही, ७० आणि ५०. फिल्म असो, काच असो, उजेड तेवढा आरपार गेलाच पाहिजे. मला केरळचा मार्ग जास्त पटतो, कारण तो चिकटवलंय काय हे विचारत नाही, दिसतंय किती हे विचारतो. पूर्ण बंदीनं झालं काय, तर पारदर्शक सिरॅमिक लावणारा आणि कोळशासारखी काळी लावणारा दोघं एकाच दंडाला पात्र, मग लोकांनी काळीच लावली.

बायकांचं म्हणणं मात्र मी बाजूला टाकणार नाही. माझ्या ओळखीत रात्री ड्युटीवरनं एकट्या गाडी चालवत घरी येणाऱ्या आहेत, त्या म्हणतात आत बाई एकटी आहे हे सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या चार टवाळांना कशाला दिसायला पाहिजे. हा मुद्दा हलका नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आत काही वाईट होत असलं तर ते बाहेर दिसलं पाहिजे, सुप्रीम कोर्टापुढं काळ्या काचांच्या आड होणाऱ्या गुन्ह्यांचाच मुद्दा होता. हायवेला रात्री एखाद्या पोरीनं काचेवर हात आपटला आणि काच काळी असली तर टोलच्या खिडकीतल्या माणसालाही कळणार नाही. बंद गाडीत खेळता खेळता अडकलेलं लहान पोर शेजारनं जाणाऱ्याला दिसत नाही, आणि उन्हात अशी गाडी आत किती लवकर तापते हे सांगायला नको. बाजूच्या काचेला ५० टक्क्यांची जी मर्यादा आहे त्यात मागच्या सीटवर बऱ्यापैकी आडोसा मिळतो, लहान मुलांना, आजाऱ्याला, दूध पाजणाऱ्या आईला तो मिळावाच. एकट्या बाईला रात्री भीती वाटते ती रस्त्यावर दिवे नाहीत आणि गस्त नाही म्हणून, ते काम नगरपालिकेचं आणि पोलिसांचं आहे, ते आपण स्वस्तातल्या फिल्मवर ढकलून मोकळं व्हायचं का?

खरी गोची पुढं आहे. गावात पोरं काळी काच का लावतात? ऊन लागतं म्हणून नाही, मोठ्या माणसाची गाडी तशी असते म्हणून. २०१२ च्या निकालात सूट होती ती फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना, ती माणसं अख्ख्या जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतकीही नसतील. तरी डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं की हायवेवरनं ज्या रांगा जातात त्यात आत कोण बसलंय हे किती गाड्यांत दिसतं ते स्वतः बघा. निवडणूक आली की तेच, कारखान्याची सभा असली की तेच, आणि हे फक्त कर्नाटकातल्या पुढाऱ्यांचं नाही, कोल्हापूरकडनं येणाऱ्यांचंही तसंच. पोलीस हवालदार शंभर सीसीच्या गाडीवाल्याला हेल्मेटसाठी थांबवतो आणि काळ्या एसयूव्हीला सलाम करतो, कारण काचेआड कोण असेल याची त्याला खात्री नसते आणि चुकलं तर बदली होते. त्याला दोष देऊन काय उपयोग. वरच्या साहेबांनी, आमदारांनी, झेडपीवाल्यांनी आपल्या गाडीची काच आधी साफ करावी, आणि केली की नाही ते लोकांनी सभेत उठून विचारावं, कारण आपण ज्याला मत दिलंय तो आपल्याला गाडीतनंसुद्धा दिसायला नको म्हणत असेल तर ते बरं नाही.

आपण सीमेवर राहतो त्यामुळं यात आणखी एक गुंता आहे. बेळगावातनं शिनोळीला कामाला जाणारा, निपाणीतनं कागलच्या एमआयडीसीत जाणारा, शनिवारी रविवारी चोर्ल्यातनं गोव्याला जाणारा माणूस दिवसात दोन दोन राज्यांच्या पोलिसांपुढनं जातो. केए २२ किंवा केए २३ ची गाडी कोल्हापुरात अडवली की वाटतं आपण कर्नाटकचे म्हणून अडवलं, एमएच ०९ ची गाडी कोगनोळीच्या अलीकडं अडवली की त्यांना वाटतं महाराष्ट्राचे म्हणून. मराठी माणसाच्या हातात कानडीतली पावती पडली की तो आणखी चिडतो, त्याला वाचताच येत नाही कशाचा दंड आहे ते. काही वेळा तसा आकसही असतो, नाही असं नाही. पण नियम केंद्राचा आहे, तिन्ही राज्यांत एकच, मग भांडण होतं कुठं, तर मोजमाप नसतं तिथं. पोलीस नुसतं बघून म्हणतो काळी आहे, गाडीवाला म्हणतो कंपनीचीच आहे. काचेच्या दोन्ही बाजूंनी धरून उजेड किती टक्के येतो ते सांगणारं छोटं यंत्र मिळतं, टिंट मीटर म्हणतात त्याला, खिशात मावतं. ते नाक्यावर असलं पाहिजे, आकडा गाडीवाल्याला दाखवला पाहिजे आणि पावतीवर छापला पाहिजे, बाजूच्या काचेला ५० आणि पुढच्या-मागच्या काचेला ७० भरला तर साहेबांनी गाडी सोडावी, खाली असला तर मराठी असो कानडी असो, दंड भरावा आणि फिल्म तिथंच काढावी. निपाणी, बेळगाव, खानापूर, या तीन ठिकाणी हे यंत्र आलं तरी निम्मी भांडणं संपतील असं मला वाटतं.

नुसत्या दंडानं मात्र काही होणार नाही. पहिल्या वेळेला जास्तीत जास्त ५०० रुपये, दुसऱ्यांदा १५०० पर्यंत, ज्यानं पंधरा लाखाची गाडी घेतली त्याला ते काही लागत नाही, तो फिल्मचा मेंटेनन्स समजून भरतो. आणि खासगी गाडी नोंदणी झाली की पंधरा वर्षं आरटीओत तपासणीला जात नाही, तेव्हा काच कोण बघणार? म्हणून मला वाटतं दुकानदारावरही जबाबदारी टाकायला पाहिजे. फिल्म लावून झाली की काचेवर मीटर लावून आकडा काढायचा आणि तो बिलावर लिहून शिक्का मारून द्यायचा, चारी काचांचा वेगवेगळा. तसं बिल असलं तर नाक्यावर गाडीवाल्याला आधार राहील, आणि आकडा खोटा निघाला तर दंड दुकानदारानं भरायचा. उद्यमबागेपासून कॉलेज रोडपर्यंत जेवढी ही दुकानं आहेत त्यांना आरटीओनं एकदा बोलावून एवढं सांगितलं तरी पुरे, यासाठी नवा कायदा यायची वाट बघायला नको. तोवर ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी दुकानात कार्डावरचा तुकडा बघून बोट ठेवू नका, आधी मूळ काच किती टक्के आहे ते विचारा, सांगता आलं नाही तर तिथनं उठा. आणि फिल्म लावायचीच असली तर लावल्यावर रात्री गाडी बाहेर उभी करून घरच्या कुणाला तरी रस्त्याच्या पलीकडं उभं राहायला सांगा, आतनं हात करा आणि त्यांना दिसला का ते विचारा. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी जाऊन काढून टाका.